आधी सोळा नंबरला विचार

कर्णिकबाई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी बिल्डिंगमधल्या एकूण एक दाराची बेल वाजवली. आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. खाली जिन्यापाशी रहिवाशांच्या नावांची पाटी होती. बाईंनी ती वाचली होती, फक्त तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. तळमजल्यापासून सुरुवात करून दर दारात "ओक इथेच राहतात का?" असं विचारत त्या वर आल्या. रविवारची दुपार, लोक जेवून आडवे झालेले. आमचं दार उघडलं तेव्हा त्यांच्या मागे जिन्यात अर्धी बिल्डिंग उभी होती.

"अहो, खाली पाटी आहे ना," आई म्हणाली.

"आहे की. पाटीवर दुसऱ्या मजल्याला गद्रे आहेत. दार उघडलं ते नायर."

"गद्रे केव्हाच गेले बोरिवलीला."

"बघा! पाटी करायला एक दिवस लागतो, सांभाळायला जन्म जातो. दारं किती? बारा. बारा दारांना कशाला हवी पाटी?"

मग पोहे खाता खाता त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये साठे नावाच्या गृहस्थांची छोटी कंपनी होती, तिथे बाई प्रोग्राम लिहायच्या आणि त्यांना हाताखाली माणूस हवा होता. "इंटरव्ह्यू वगैरे काही नाही रे. तुला संगणकाची सी भाषा लिहिता येते ना? आणि तू भांडकुदळ नाहीस ना? झालं तर मग." मी भांडकुदळ नव्हतो. त्यांना दुसरा भांडकुदळ परवडणारा नव्हता, हे मला नंतर कळलं.

हे ऐंशीचं दशक संपता संपताचं. आमची कंपनी रबराच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती, त्यामुळे आमच्या डब्यातल्या पोळ्यांनाही रबराचा वास यायचा. आम्ही संगणकात बसवायचं एक कार्ड बनवायचो. त्याला सोळा वायरी जोडता यायच्या आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला कारखान्यातलं एकेक यंत्र असायचं. यंत्राला काही सांगायचं असलं की ते संगणकाला हाक मारायचं. पण सोळा जणांत हाक एकच. त्यामुळे हाक आली की नक्की कोण बोलतंय ते शोधायचं, त्याचं म्हणणं घ्यायचं आणि पुढे पोचवायचं. हे काम करणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो बाईंचा, आणि त्यात त्या एकेका यंत्राला ओळीने विचारत जायच्या. त्यात दुसऱ्या कोणी हात घातला की त्या खुर्चीसकट वळायच्या.

साठेसाहेबांचा भाचा परांजपे अमेरिकेत शिकून आला होता. कार्डाकडून नंबर घ्यायचा, हिशेब करून तक्त्यात थेट त्या जागी जायचं, असं त्याचं म्हणणं. हॅश टेबल. त्याने फळ्यावर सुंदर चौकोन काढले. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"शोधायचं किती जणांत?"

"सोळा. पण उद्या हजार झाले तर?"

"उद्या हजार झाले तर तुझ्याकडे पेढे घेऊन येईन. आज सोळा आहेत. नंबर मागण्यात वेळ, हिशेबात वेळ, तक्ता सांभाळण्यात वेळ. तेवढ्यात मी सोळाही जणांना विचारून परत येते."

दोन्ही करून मोजलं. बाईंचा ड्रायव्हर पुढे निघाला. परांजपे आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

आता इथे थांबायला हवं होतं. पण बाईंना वेगाचा नाद होता, आणि परांजपेला हरवल्यावर तो आणखी वाढला. त्यांनी एक युक्ती केली. जो आत्ता बोलला तो लगेच पुन्हा बोलणार, म्हणून त्याला रांगेत पहिला आणून ठेवायचा. एकाचं काम झालं की पुन्हा रांगेच्या तोंडापासून विचारायला सुरुवात. सरासरी वेळ असा काही खाली आला की साठेसाहेबांनी लगेच पत्रक छापून घेतलं. त्यावर आमचा वेग मोठ्या अक्षरांत होता. हे पत्रक घेऊन ते मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात गेले आणि मोठ्या ऑर्डरचं बोलणं करून आले. खरं तर ही ऑर्डर हीच आमची शेवटची आशा होती. ती गेली तर कंपनीला टाळं, हे साठेसाहेब लपवतही नव्हते. बाईंच्या यजमानांची कंपनी संपात आधीच बुडालेली. घर बाईंच्या पगारावर चालायचं.

मालकांसमोर प्रयोग करायच्या आदल्या दिवशी बाई आणि मी जोडणी करायला मानपाड्याला गेलो. रंग शिजवायच्या पंधरा टाक्या सतत आपापलं तापमान कळवत राहायच्या. सोळावी टाकी जुनी होती. ती एरवी गप्प असायची आणि मर्यादेबाहेर तापली तरच बोलायची. तिच्याजवळ शीळफाट्याकडच्या गावातले पाटील नावाचे कामगार दिवसभर उभे असत. बाई म्हणाल्या, एकदा तिलाही बोलतं करून बघू. टाकी तापवणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी तिचा तापमापक बाहेर काढला, स्वच्छ धुऊन पुसला आणि पाटलांच्या चहाच्या किटलीत बुडवला.

पंधरा टाक्यांचे आकडे पडद्यावर भराभर येत होते. सोळाव्या टाकीची सूचना काही येईना. पाटलांनी कपात चहा ओतला, फुंकर मारून प्यायला, कप विसळून ठेवला. मग सूचना आली.

"बाय, यो बोलंपर्यंत माझा चाय संपला की!" पाटील हसत म्हणाले.

मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या तिथेच पालथ्या ठेवलेल्या पिंपावर बसल्या आणि म्हणाल्या, "ओक, मी गाढव आहे." त्यांच्या तोंडून असलं काही कधी ऐकलं नव्हतं.

"बडबडे पंधरा सगळे पुढे आणून ठेवले मी. त्यांचं संपतच नाही. हा कधी बोलत नाही म्हणून कायम शेवटी ढकलला गेला. आणि हा बोलतो कधी? जिवावर बेतल्यावर! आणि शेजारी हे पाटील उभे."

ठाण्याला परत जाऊन त्यांनी आपली युक्ती खोडून टाकली. आता हाक आली की आधी सोळा नंबरला विचारायचं. मग बाकीच्यांना ओळीने, आणि काम झालं की रांगेच्या तोंडाशी न जाता पुढच्याकडे जायचं. सूचना झटकन यायला लागली. पण सरासरी घसरली, आणि पत्रकावरचा वेग खोटा ठरला.

साठेसाहेबांनी डोकं धरलं. "अहो बाई, उद्याच्या दिवस जुनंच दाखवू. ऑर्डर मिळाली की मग बदला हवं ते."

"मग बदलू म्हणून काय काय राहिलंय ते या कपाटात आहे. दाखवू का?"

"निदान सोळावा पहिला ठेवा आणि बाकीच्यांना जुनी युक्ती लावा. वेग तरी दिसेल."

"मग पंधरावा मरेल. कोणीतरी शेवटी राहणारच हो, पण तो रोज तोच नको."

"कंपनी बंद पडेल, बाई."

"पडेल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मलाही घर आहे, साहेब. मला कळत नाही असं नाही."

दुसऱ्या दिवशी मालकांनी पत्रक हातात धरून पडद्याकडे पाहिलं आणि वेग कमी का, असं विचारलं. साठेसाहेब काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "पत्रक चुकलंय. सरासरी छान होती, पण तुमची सोळावी टाकी उपाशी होती." मग त्यांनी चहाच्या किटलीची सगळी हकिकत सांगितली. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं, सगळ्यांना सामोसे दिले आणि ऑर्डर दुसऱ्या कंपनीला दिली.

आम्ही वर्षभर कसेबसे तगलो. मग वागळे इस्टेटमधला तो मजलाही रबरवाल्यांनी घेतला. मी मुंबईत एका मोठ्या कंपनीत लागलो. बाई डोंबिवलीला एका क्लासमध्ये संगणक शिकवायला लागल्या. मुलं त्यांना टरकून असायची असं ऐकलं.

काही वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो. मानपाड्याचा तो कारखाना अजून धडधाकट चालू होता, दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर. तिथे कधी काही झालं नव्हतं, टाकी तापली नव्हती, पाटील मजेत निवृत्त झाले होते. हे सांगावं की नाही याचा मी बराच विचार केला आणि शेवटी सांगून टाकलं.

"काही नाही झालं ना? बरं झालं बाई," त्या म्हणाल्या आणि खरोखरच बरं वाटल्यासारख्या दिसल्या.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं तर! मला ती ऑर्डर हवी होती रे. फार हवी होती." मग त्या उठल्या. "थांब, चहा टाकायच्या आधी वर जाऊन येते."

वरच्या मजल्यावर बेल वाजली. बाईंचा आवाज आला, "आहात का?" आतून कोणीतरी म्हणालं, "आहे." बाई खाली आल्या आणि आधण ठेवलं.

"कोण?" मी विचारलं.

"दामले. चौथ्या मजल्यावरचं शेवटचं दार. एकटेच असतात. कधी कोणाला हाक मारायचे नाहीत. म्हणून आपणच विचारायचं."

"पण तुम्ही तर तळमजल्यापासून सुरुवात करता."

"करायचे," बाई म्हणाल्या.

नव्वदचं दशक सरत असताना बाई गेल्या. झोपेतच गेल्या. मला दोन दिवस उशिरा कळलं. घरी गेलो तर बाहेरची खोली माणसांनी भरलेली होती. त्यांचे जुने विद्यार्थी, शेजारीपाजारी, साठेसाहेब, परांजपेसुद्धा. सगळे एकदम बोलत होते, बाईंच्या गोष्टी सांगत होते. परांजपेचे डोळे लाल होते. बाईंच्या यजमानांना भेटलो, थोडा वेळ बसलो. चहा आला. कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवून मी जिना चढून वर गेलो.

चौथ्या मजल्यावरचं शेवटचं दार बंद होतं. मी बेल वाजवली. दामल्यांना मी काय सांगणार होतो, मला ठाऊक नव्हतं. बाई गेल्याचं त्यांना माझ्याआधी कळलेलं असणार.

चपला ओढत कोणीतरी दारापर्यंत आलं आणि थांबलं. मी काही विचारायच्या आधीच आतून आवाज आला.

"आहे."