घटाजवळ ठेवलेली रिटर्न स्लिप

हेगडे वकिलांचं उत्तर तीन ओळींचं होतं. माझी नोटीस मुदत टळल्यावर निघाली आहे, सबब त्यांच्या अशिलावर फौजदारी खटला चालणार नाही, नमस्कार. पत्रावर भागलं नाही म्हणून त्यांनी फोनही केला.

"सर, स्वल्प कॅलेंडर नोडी!" म्हणजे, जरा कॅलेंडर बघा. आणि हसले.

मी बघितलं. हेगडे बरोबर होते. बेंगळुरूच्या बसवनगुडीत वकिली करून मला बावीस वर्षं झाली होती आणि मला तीसपर्यंत मोजता आलं नव्हतं.

प्रकरण सुमनअक्कांचं. अक्का मूळच्या निपाणीच्या, इथे केटरिंग करतात. येलहंक्यातल्या दोन लग्नांचं जेवण त्यांनी पत्की नावाच्या इव्हेंटवाल्याला, म्हणजे हेगड्यांच्या अशिलाला, करून दिलं. त्याने तीन लाख चाळीस हजारांचा चेक दिला आणि म्हणाला, "अक्का, पुढच्या महिन्यात भरा, प्लीज." अक्कांनी पंचवीस दिवस थांबून भरला. परत आला. खात्यात पैसेच नव्हते.

चेक परतला की बँक कारण लिहिलेली एक स्लिप देते. ती हातात पडल्यापासून तीस दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस. त्यात दिले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैसे बहुतेक वेळा त्या भीतीनेच निघतात. नोटिशीची मुदत चुकली तर भीती गेली. उरतो वसुलीचा दिवाणी दावा, त्याला किती वर्षं लागतील हे मी अशिलाला सहसा सांगत नाही.

अक्कांच्या हातात स्लिप पडली ती घटस्थापनेच्या दिवशी. घरात अखंड दिवा, त्यात कोर्टाची पायरी नको म्हणून त्यांनी स्लिप घटाजवळ ठेवली. दसरा झाल्यावर माझ्याकडे आल्या. स्लिपवर कुंकू होतं.

"नऊ दिवस देवीपुढं होती बघा, वकीलसाहेब. तरी त्या बाबाला बुद्धी झाली न्हाई."

नऊ दिवस. हे त्यांनी मला तोंडाने सांगितलं. मी मान डोलावली आणि त्या आल्या ती तारीख डायरीत लिहिली. तिथून तीस दिवस मोजले. मग दिवाळी आली. म्हटलं, मुदत आहे, फराळ होऊ दे. नोटीस गेली छत्तिसाव्या दिवशी. स्लिपची खरी तारीख मीच त्या नोटिशीत सुबक टाइप करून दिली होती. हेगड्यांना शोधायचे कष्टसुद्धा पडले नाहीत.

हसायला येतं खरं. पण अक्कांनी हाताखालच्या चार बायकांचा पगार त्या दिवाळीत पाटल्या गहाण ठेवून दिला होता. पाटल्यांशिवायचे हात मला माझ्या रिकाम्या टेबलावरही दिसत होते, आणि चूक माझी होती.

एक वाट होती. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो, आणि तेवढ्यात तो पुन्हा भरता येतो. पुन्हा परतला की नवी स्लिप, नवे तीस दिवस. मी चेक काढून बघितला. आठ दिवस उरले होते.

आता अक्कांना सांगायचं काय? खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी अक्कांना बोलावलं, घसा खाकरला आणि म्हणालो, "अक्का, कोर्टात जायच्या आधी चेक परत एकदा भरूया."

"परत? मग पयली नोटीस वाया गेली म्हणायची की!"

"तसं नाही. माणसाला सुधारायची एक संधी द्यावी."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, पकडला गेलो. तर त्यांचे डोळे भरून आलेले.

"वकील असून केवढं मन ओ तुमचं!"

त्याच दुपारी त्यांनी चेक भरला. पत्कीच्या खात्यात पैसे असतील हे माझ्या डोक्यातही नव्हतं; आता चेक पुन्हा परत यावा आणि नवी स्लिप मिळावी एवढीच माझी इच्छा होती. अशिलाचा चेक बाउन्स व्हावा म्हणून देवाला हात जोडणारा बसवनगुडीत मी एकटाच असेन.

दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन. "वकीलसाहेब, जमा झाले!"

"काय जमा झाले?"

"पैसे ओ! सगळे!"

मी खुर्चीत बसलो. पाचच मिनिटांत पत्कीचा फोन. तो ओरडतच होता.

"साहेब, हे काय केलंत तुम्ही? केस संपली होती ना? तुमची नोटीस लेट होती!"

"होती."

"हेगडेसर म्हणाले, आता घाबरू नका. म्हणून मी लग्नांचे सगळे ॲडव्हान्स त्याच अकाउंटला घेतले! मला काय माहीत तुम्ही तो चेक परत टाकाल!"

तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त सुरू झाले होते. पत्की निर्धास्त होता, खातं भरलेलं होतं.

"चेक भरायचाच असतो, पत्की," मी म्हणालो. त्या सबंध प्रकरणात अभिमानाने उच्चारावं असं हे माझं एकमेव वाक्य.

हेगड्यांनी तक्रारीची मुदत संपेपर्यंत तोंड बंद ठेवलं असतं, तर मी तीच मेलेली नोटीस घेऊन ऐटीत कोर्टात गेलो असतो. पण माझी चूक दाखवायचा मोह त्यांना आवरला नाही.

अक्कांनी पाटल्या सोडवल्या. माझी फी पूर्ण दिली. ती मी घेतली. वर पुरणपोळ्याही घेतल्या, आणि दर सणाला अजून घेतो. या गोष्टीला चार वर्षं झाली. अक्कांनी माझ्या मोठ्या मनाची गोष्ट निम्म्या बेंगळुरूला सांगितली आहे. लोक आता येऊन म्हणतात, "सर, आम्हालाही आधी ती संधी द्यायचीय." ते देतात, चेक परत बाउन्स होतो, आणि मी गंभीर चेहरा करून बसतो.

तेव्हा हे लिहून टाकतोय. ते मोठं मन नव्हतं, चुकलेला हिशोब होता.

तुमचा चेक परतला तर स्लिप खुशाल देवापुढे ठेवा. फक्त ती कोणत्या दिवशी हातात आली ते मागे लिहा, आणि वकिलाकडून मोठ्याने वाचून घ्या. हे ज्यात छापून येतंय तो आमच्या इथल्या मराठी मंडळाचा अंक अक्का पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. पुढच्या सणाला डबा आला नाही, तर त्यांनी हेही वाचलं असं मी समजेन. वाचूनही आला, तर मोठं मन त्यांचं, आणि मला मात्र फी परत करावी लागेल.