डॉटचा कान

आमच्या शेजारच्या ग्वेनिथला काही वाया घालवणं ठाऊक नव्हतं. बर्नी गावात तिनं जन्मभर शाळेची बस चालवली. आता नवऱ्याच्या, मर्वच्या, जुन्या स्वेटरांतून ती आपल्या डॉट कुत्रीसाठी अंगरखे बेतायची. डॉटचा कान वाहू लागला की डॉक्टरच्या गोळ्या कान सुकेपर्यंतच द्यायची. उरलेल्या गोळ्या चहाच्या डब्यात जायच्या, पुढच्या खेपेला. पुढची खेप येतच राहिली.

मर्व वृद्धाश्रमात होता. बायकोचं नाव त्याला आठवत नसे, कुत्रीचं आठवे. दर गुरुवारी दोघी आल्या की परिचारिका ओरडायच्या, "आल्या बघा डॉटबाई! मागे त्यांची ड्रायव्हर!"

या हिवाळ्यात कान काही बरा होईना. जनावरांच्या तरुण डॉक्टरणीनं, टिगननं, पू तपासायला पाठवला.

"ग्वेनिथ, या जंतूंवर आपलं नेहमीचं एकही औषध चालत नाही."

"मग जरा कडक दे की."

"कडकही झालं देऊन. गोळ्या पूर्ण द्यायचात ना?"

ग्वेनिथ डॉटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "बरी झाली की थांबवायचे. धडधाकट जिवाला कशाला औषध?"

"सगळं त्यानंच झालं असं नाही म्हणत मी. पण सारखं अर्धवट औषध मिळालं की चिवट जंतू तेवढे मागे उरतात. मर्वच्या पायाला जखम आहे ना? डॉट चाटते?"

"तोच पँट वर करून पाय पुढे करतो. म्हणतो, हिच्या जिभेत औषध आहे."

त्याच दुपारी मर्वच्या जखमेचा पू तपासायला गेला. अहवाल येईपर्यंत, आणि आला तरी कदाचित, डॉटला आत बंदी झाली. परिचारिका म्हणाली, "फार तर खिडकीबाहेरून दाखवा."

गुरुवारी ग्वेनिथ बागेतल्या ओल्या गवतावर डॉटला घेऊन उभी राहिली. आत मर्वचा चेहरा उजळला. तो धडपडत उठला, पाय ओढत खिडकीशी आला आणि काच सरकवू लागला.

ग्वेनिथनं बाहेरून चौकट दाबून धरली.

"ए बाई, सोड!" फटीतून त्याचा आवाज आला. "आमची डॉट आहे ती. थंडीत उभी केलीयस, लाज नाही वाटत?"

"वाटते रे," ती म्हणाली.

त्यानं सगळी ताकद लावली. म्हाताऱ्या हातांत अजून बराच जोर होता. डॉटची हलती शेपटी ग्वेनिथच्या पोटरीवर आपटत होती. ग्वेनिथनं दुसरा हातही चौकटीवर ठेवला.