खिडक्यांतून आलेलं वऱ्हाड

पुतणीच्या लग्नातला गोंधळ माझ्यामुळं झाला. घरात कुणी तसं म्हणत नाही, पण दार अरुंद ठेवायला मीच लावलं होतं.

तिनं मोबाईलवर इंग्लंडमधल्या एका जुन्या जमीनदाराच्या घराचं चित्र दाखवलं. खेड्यातलं, पण दगडी, दुमजली. मधोमध दार, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर उंच खिडक्या, छपरावर धुराडी. मंडपाचं तोंड तिला असंच हवं होतं. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळं काम माझ्याकडं आलं. तिकडं ऊन कमी म्हणून खालच्या खिडक्या जवळजवळ जमिनीपर्यंत येतात, हे मी ताडकळसच्या मंडपवाल्याला समजावलं. दार मात्र दुप्पट रुंद करू, असं तो म्हणत होता. मी हटून बसलो. दार वाढवलं की घराची सगळी मापं बिघडतात.

बांबू, प्लायवूड आणि कापडाचं ते घर इतकं देखणं झालं, की लोक दारातच फोटो काढत थांबले. मागून वऱ्हाड आलं आणि सगळं तुंबलं. नवरदेवाचे वडील फेटा बांधून भर उन्हात उभे. त्यांचा मान राहिला नाही, तर पोरीला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. मंडपवाला करवत घेऊन आला, एक बाजू कापू म्हणाला. पुतणीला विचारायची माझी हिंमत होईना.

तिला आतून सगळं दिसत होतं. मुहूर्ताआधी नवरी अशी पुढं येत नाही. ती मुंडावळ्या सावरत आली, खिडकीत काच म्हणून ताणलेलं निळं कापड तिनं ओढून काढलं आणि सासऱ्यांना हाक मारली, "मामा, दारात लय गर्दी हाय. इकडून या."

त्यांनी धोतर जरा वर धरलं, एक पाय आत टाकला आणि म्हणाले, "लय वर्सांनी खिडकीतून आत यायलोय."

"तवा कुणाच्या खिडकीतून जात होतात, ते बी सांगा," मागून विहीणबाई म्हणाल्या.

अख्खा मंडप हसला. मग एकेक खिडकी उघडत गेली आणि वऱ्हाड आत आलं. बँडवाल्यांचा मोठा ढोल तेवढा बाहेर राहिला.

पंगतीत मी व्याह्यांची माफी मागायला गेलो. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

"पाव्हणं, आमच्या धाकटीच्या लग्नाला बी हेच घर लावा. दार न्हाई ठेवलं तरी चालंल."

त्या लग्नाच्या मंडपाचं चित्र मी काढून ठेवलंय. दारातून बैलगाडी जाईल. मापं साफ बिघडली आहेत.