डब्यावरची बाई

लढाईच्या दिवसांत लोणावळ्याच्या बाजारात एक तरुण पेंटर बसायचा. दुकानांच्या पाट्या, टांग्यांच्या पाठी, जत्रेतल्या नाटकांचे पडदे, चिक्कीच्या डब्यांवरची चित्रं, मिळेल ते रंगवायचा. बाई काढायची असली की चेहरा मात्र एकच. डोळे सगळ्यांत शेवटी, आधी ब्रश स्वतःच्या कपाळाला टेकवून.

एकदा न राहवून मी विचारलं, "कोण रे ही?"

"आई. मी ल्हान असतानाच गेली, भाऊ. फोटो न्हाई. इसरू नये म्हणून काडतो. पर दर येळी नाक जरासं बदलतंय. आता खरं कुटलं, त्येच कळंना."



त्या दिवाळीला घरी त्यानं रंगवलेला चिक्कीचा नवा डबा आला. त्यावरची बाई तुंगार्लीच्या तळ्याकडं निघाली होती, आमच्याकडं पाठ करून.