भोजराजची घडी आणि लाल कूपे

भोजराज रहांगडालेच्या नाकाला दोन वळणं आहेत. पहिलं तिरोड्याकडच्या एका बैलमालकानं डोकं घालून दिलं. दुसऱ्याबद्दल विचारलं की त्याची बायको, रुख्माकाकू, चुलीपाशी बसल्या बसल्या सांगतात, "ते मी केलं. पाट होता हातात."

भोजराज दवनीवाड्याचा. धान पिकवतो, पण धानासाठी त्याला कोणी ओळखत नाही. हिवाळ्यात धान निघालं की शंकरपट सुरू होतात. छकड्याला बैलांची जोडी जुंपून सरळ दाणीवर, म्हणजे पटाच्या धावपट्टीवर, पळवायची आणि कोणती जोडी किती सेकंदांत पळाली ते बघायचं. ते बघणारा आणि ओरडून सांगणारा भोजराज. उजव्या हातात स्टॉपवॉच, म्हणजे त्याची 'घडी', डाव्या हातात बांबूची काठी. काठी कशाला? तर हरलेला मालक आधी बैलाला हाणतो, मग छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्याला, आणि मग घडीवाल्याचा गळा धरायला निघतो. भोजराज त्याला अर्ध्या वाटेतच गाठतो.

"घडी बोल्लीऽऽ!" असा तो हंबरतो. मग आकडा. मग ज्याला आकडा पटला नाही त्याच्या बरगडीत काठी. देवरीकडच्या एका पटात तर आकडा सांगायच्या आधीच त्यानं एकाला पाडलं होतं. विचारलं, काऊन गा? म्हणे, "त्याच्या तोंडावरच दिसून राहिलं होतं का तो मानणार नाही."

पण मार कितीही खाल्ला आणि दिला, तरी भोजराजची घडी खोटी असं कोणी म्हटलं नव्हतं. ते झालं लाल गाडीपायी.

गोंदियात उमेंद्रच्या बापाची राइस मिल आहे. उमेंद्रनं रायपूरहून सेकंडहँड कूपे आणली. दोन दारांची, ठेंगणी, बसायला गेलं की गुडघे हनुवटीला लागतात. आणल्या दिवसापासून एकच रेकॉर्ड चालू. "कंपनी साडेछह सेकंद बोलती है, भाई. झिरो टू हंड्रेड. यूट्यूबवाला छह-दो बोलता है. अपनी वाली उससे भी तेज है, लिख के ले." बोलताना हात स्टेअरिंगवर असल्यासारखे पुढे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोंडानं गिअर बदलल्याचा आवाज.

त्याचा आतेभाऊ स्वप्निल पुण्यात इंजिनिअरिंग करून आलेला. त्याचं वेगळं. "नाही रे, ॲक्च्युअली कंपनीचा आकडा आयडियल कंडिशनचा असतो. आपल्याकडे ऊन, आपलं पेट्रोल, आपला रस्ता, शिवाय तुझं वजन." शेवटच्या दोन शब्दांवर पहिली झटापट मिलच्या दारातच झाली. कोंड्याच्या ढिगात दोघं लोळले आणि उठले तेव्हा ठरलं की मोजायचं. कोण मोजणार? उमेंद्रचा दोस्त मुन्ना म्हणाला, "अपने इलाके में टाइम एक ही आदमी का चलता है."

म्हणून एका सकाळी दवनीवाड्याजवळच्या, अजून न उघडलेल्या बायपासवर गाडी आली. भोजराज आला, आणि पट कमिटीचा अध्यक्ष इंद्रकुमारही आला. इंद्रकुमारच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, त्यामुळे तो बोलतो कमी. पण येताना रस्त्यात त्यानं भोजराजला सांगून ठेवलं होतं, "यंदा पोट्टे म्हणून राहिले लेझरची मशीन आणा. तुले ठेवाचं का मशीन आणाची, हे आज पाह्यतो." पट पुढच्याच महिन्यात. भोजराजनं काठी तेल लावून आणली होती.

त्यानं पटासारखाच पांढरा दोरा रस्त्यावर आडवा ताणला. नियम तोच: दोरा तुटला की घडी सुरू. उमेंद्र गाडीत, मुन्ना बाजूला. काट्यानं शंभर गाठलं की मुन्ना हॉर्न वाजवणार. गाडी किंचाळली, रबर जळालं, दोरा तुटला, हॉर्न वाजला.

"घडी बोल्लीऽऽ! पाच-आठ!"

उमेंद्र परत आला तो सीटवर नाचतच. कंपनीला हरवलं, यूट्यूबला हरवलं! उतरायच्या आधीच त्यानं मुन्नानं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ इन्स्टावर टाकला. स्वप्निलनं काचेला काडेपेटीएवढी डबी चिकटवली होती, उपग्रहावरून वेग मोजणारी. ती त्यानं काढली, बघितली, परत बघितली.

"काका, इथे सात-सहा आहे. जवळजवळ दोन सेकंदांचा फरक! तुमची घडी खोटी आहे."

इंद्रकुमार थुंकायचा थांबला.

भोजराजनं काठी फिरवली ती स्वप्निलच्या खांद्यावर बसली. 'ठप्प' नाही, 'खाड्' असा आवाज आला. "माही घडी खोटी? बे लेका, तुये दात मोजून देऊ का मी?" मुन्ना मागून "और एक, काका, और एक!" करत स्वप्निलची कॉलर ओढायला लागला. पण पुण्याला जाऊन पोरगं मऊ झालंय असं ज्यांना वाटलं ते फसले. स्वप्निलनं कोपर मागे हाणलं, मुन्ना पोट धरून बसला. पुढच्या झटक्यात त्यानं भोजराजचे पाय ओढले, म्हातारा पालथा पडला आणि स्वप्निल त्याच्या पाठीवर बसून त्याचं तोंड रस्त्यावर घासायला लागला. "बोला, खोटी आहे! बोला!"

भोजराजचा गाल डांबरावर, डोळा रस्त्याच्या रेषेत. तोंडात रक्त, खडी. आणि त्या डोळ्याला दिसलं. गाडी जिथून सुटली तिथे रबराचे दोन काळे पट्टे उमटले होते. तुटलेला दोरा पडला होता तो तिथून चांगला दोन छकड्यांइतका पुढे.

"थांब बे!" तो ओरडला. "उठ वरून. थांब म्हणतो ना!"

काय झालं होतं? बैल काही रेषेवर उभा राहत नाही. तो नाचतो, मागं सरतो, वळतो. म्हणून पटात जोडी सोडायची मागून आणि दोरा बांधायचा पुढे. सगळ्या जोड्यांना तेच, कोणावर अन्याय नाही. हात सवयीनं चालला आणि भोजराजनं गाडीलाही तसाच दोरा बांधला. दोरा तुटला तेव्हा गाडी उभी नव्हतीच, चांगली तीसच्या वेगात होती.

"शून्यापासून मोजाचं होतं," भोजराज रक्त थुंकून म्हणाला. "मी तिसापासून मोजलं. घडी बराबर आहे, दोरा चुकला. माया हातानं चुकला. पुन्हा!"

"पुन्हा कायकू?" उमेंद्र म्हणाला. "फाइव्ह पॉइंट एट हो गया. पोस्ट भी हो गया. चारसौ लाइक आ गये, काका!"

भोजराजनं त्याचा कान पिरगाळला आणि तसाच ओढत नेऊन गाडीत कोंबला. दार आपटलं तेव्हा उमेंद्रची बोटं जेमतेम वाचली. दोऱ्याला गाठ मारून या वेळी तो बंपरला टेकवूनच बांधला. गाडी पुन्हा किंचाळली. हॉर्न वाजला.

भोजराजनं घडीकडे पाहिलं. उमेंद्र गाडी वळवून आला, काच खाली, डोळे वटारलेले. "काका, समझ के बोलना."

"घडी बोल्लीऽऽ! सात-सात!"

उमेंद्र उतरला आणि थेट त्याच्या अंगावर गेला. ठोसा मोडक्या नाकावरच बसला. मुन्नानं मागून भोजराजचा डावा हात पिरगाळला. "पाच-आठ बोल!" "सात-सात!" हात अजून वर. "बोल पाच-आठ, बुढ्ढे!" "सात-साऽऽत!" आणि हात मोडला. वाळलेली तुराटी मोडावी तसा, पण आत ओली असलेली. भोजराजची किंकाळी शेतापलीकडे गेली, बगळे उडाले. स्वप्निलनं खाली पडलेली काठी उचलली आणि मुन्नाच्या नडगीवर घातली, मग उमेंद्रच्या, मग लाल गाडीच्या हेडलाइटवर. हेडलाइटला लागलं तेव्हा मात्र उमेंद्र रडला.

इंद्रकुमारनं खर्रा थुंकला, जीप सुरू केली आणि भोजराजला पुढे बसवलं. हात नको तिथून वाकलेला, नाकातून धार. दवाखान्याचा रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला भोजराज इंद्रकुमारच्या सात पिढ्या काढत होता.

"भोजराज," इंद्रकुमार शेवटी म्हणाला, "थो पोट्टा तुले मारून राहिला होता. पाच-आठ म्हटलं असतं त सुटला असतास. काऊन नाही म्हटलं?"

"झालं नव्हतं ना गा पाच-आठ!"

इंद्रकुमारनं गिअर टाकला.

"मशीन नाही आणत," तो म्हणाला. "पण हात मोडला ना तुया. पटाले येशीन कसा?"

"डावा मोडला," भोजराज दात खाऊन म्हणाला. "घडी उजव्यात राह्यते. खड्डा चुकव बे, अध्यक्षा!"