बाप-लेकीच्या पापण्या

माझे डोळे बाबांवर गेले आहेत. रंगाने नाही, पापण्यांनी. आम्हा दोघांच्या वरच्या पापण्या जन्मापासून खाली ओघळलेल्या, पार बाहुलीवर आलेल्या. डोळा उघडला की इतरांच्या पापणीवर एक घडी पडते, तीही आमच्याकडे नाही. भुवईपासून खालपर्यंत सगळं सपाट. समोरचं नीट दिसावं म्हणून हनुवटी वर करायची आणि कपाळाला आठ्या घालून भुवया चढवायच्या, ही आमची दोघांची सवय. त्यामुळे माहेरी, कुळगावात, बरेच जण बाबांना तोऱ्यातला माणूस समजत. मला शाळेत झोपाळू म्हणत. लग्नाच्या अल्बममध्येही मी पेंगतेच आहे.

आता मी अंबरनाथ पूर्वेला राहते, पालेगावच्या बाजूला. घरीच शिलाई करते. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका दुकानाचे ब्लाउज माझ्याकडे येतात. चाळिशी उलटली तशा पापण्या आणखी जड झाल्या. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. सुई ओवायची तर एका हाताने पापणी उचलून धरावी लागायची, मग दोरा धरायला हात उरत नसे. शेवटी कॉलेजातून आलेली मुलगी ओवून द्यायची.

तीच मुलगी कोरियन सीरियल बघते. तिकडच्या मुली पापणीला घडी पाडून घेतात, असं तिने मला मोबाइलवर दाखवलं आणि तुझंही होईल म्हणाली. या वयात मला नटायची हौस नाही, असं सांगून मी विषय मिटवला. पण नवऱ्याने तो सोडला नाही. चष्म्याच्या दुकानात चौकशी करून त्याने उल्हासनगरमधल्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता आणला. त्या पापण्यांचीच ऑपरेशनं करतात.

डॉक्टरबाई सिंधी, मराठी बोलता बोलता हिंदीत जाणाऱ्या. त्यांनी माझी भुवई अंगठ्याने दाबून धरली आणि डोळे उघडायला सांगितलं. कपाळाची मदत नसताना माझी पापणी किती उचलली जाते, ते त्यांनी पट्टीने मोजलं. मग नीट समजावलं. पापणी उचलणारा स्नायूच माझ्याकडे जन्मतः कमजोर, आणि त्याचीच ओढ कातडीला मिळाली की घडी पडते. म्हणून माझ्याकडे दोन्ही नाही. "खाली घडी बनवली, तर आँख तशीच झोपलेली राहील," त्या म्हणाल्या. "आणि खाली पापणी उचलली, तर वरची चमडी लटकेल. एकाच कापात दोन्ही करू." त्यांच्या 'खाली'चा अर्थ 'फक्त' असा आहे, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

मला भीती ऑपरेशनची नव्हती, बाबांना सांगायची होती. त्यांच्याकडून आलेली गोष्ट मी कापून टाकायला निघाले, असं त्यांना वाटलं तर? कुळगावला जाऊन मी सगळं सांगितलं. ते परसात वांग्यांना पाणी घालत होते. मग पाइप खाली ठेवून एवढंच विचारलं, "दुखंल का गं बाय?" भूल देतात म्हटल्यावर, मी येतो सोबत, म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी बाबा आणि नवरा बाहेर बाकावर बसले. आत डॉक्टरबाईंनी मला आधी बसवलं, एक बारीक वाकडी तार पापणीवर टेकवून घडी कुठे येईल ते पाहिलं आणि पेनाने रेघ मारली. इंजेक्शन चांगलंच झोंबलं, नंतर मात्र फक्त ओढल्यासारखं वाटत राहिलं. मध्येच त्यांनी मला टेबलावर उठवून बसवलं आणि समोर बघायला सांगितलं. मी डोळे उघडले. समोरची भिंत, वरचा पंखा आणि पंख्यावरची धूळ, सगळं एकदम दिसलं. हनुवटी जागेवरच होती. डावा डोळा जरा जास्त वर गेलाय म्हणत त्यांनी पुन्हा झोपवलं आणि टाका सैल केला.

बाहेर आले तेव्हा डोळे सुजलेले, कडा लालभडक. बाबांनी पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. रिक्षात ते माझा हात धरून बसले होते.

टाके निघाले, सूज उतरली आणि एका सकाळी आरशात घडी दिसली. बारीक, स्वच्छ, दोन्हीकडे सारखी. गंमत अशी की त्या दिवशी टिकली लावली आणि ती फार वर गेल्यासारखी वाटली. भुवया चढवायची गरज संपली तशा त्या खाली उतरल्या होत्या, आणि माझा हात मात्र जुन्याच जागी जात होता. टिकलीची नवी जागा सापडायला वेळ लागला. कपाळ ठणकायचं थांबलं. सुई मीच ओवू लागले.

बाबा आईला घेऊन मला बघायला आले की बोलत कमी आणि बघत जास्त. एकदा चहा पिता पिता त्यांनी विचारलं, त्या बाई म्हाताऱ्यांचं करतात का? आई हसली. मी हसले नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्यांना घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी तपासलं, रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, आणि होईल म्हणाल्या. मग त्यांनी सुचवलं, "काका, तुमचं फक्त पापणी उचलू. घडी हलकीशी पडली तरी चालेल, या वयात कोण बघतंय?"

बाबा सरळ बसले. "नाय. घडी पण पायजे. हिच्यासारखी."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. डॉक्टरबाईंनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आजवर आमचं डोळं बघून लोक वळखायचं, ही याची पोर. आता हिचं बदललं. मग माझं पण बदलाया नको?"

मी खिडकीकडे बघत राहिले. डॉक्टरबाईंनी पेन उघडलं आणि कागदावर डोळा काढून त्यांना दाखवलं. पुरुषाच्या चेहऱ्याला शोभेल अशी घडी जरा खाली ठेवू, पण ठळक ठेवू, असं ठरलं. बाबांनी कागद हातात घेऊन नीट पाहिला आणि पसंत केला.

त्यांचं ऑपरेशनही नीट पार पडलं. परवा मार्केटात आम्ही दोघं मेथी घेत होतो, तर भाजीवालीने विचारलं, वडील का तुमचे? बाबांनी मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि माझ्याआधी हो म्हणाले.

एक मात्र झालंय. झोपेत त्यांच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत. असं होतं, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, रात्री घालायला मलमही दिलंय. पण दुपारी ते खुर्चीत डुलकी काढतात तेव्हा जागेच वाटतात. आई समोर बसून त्यांना गॅस बुक करायचं, शेजारणीचं, माझ्या भावाचं, सगळं सांगत राहते. मध्येच घोरणं ऐकू येतं तेव्हा तिला कळतं. तिची तक्रार नाही. म्हणते, एवढ्या वर्षांत माझं इतकं निमूटपणे कधी ऐकलं नव्हतं.