आभार मालतीताई मानतील

आमच्या गटाच्या बैठकीत कामाचे विषय पाच मिनिटांत संपतात आणि मग किस्से सुरू होतात. कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याला एका शनिवारी बायकांच्या आयुष्यावर, इतिहासावर, चळवळींवर व्याख्यान असतं आणि वर्षातून एकदा चित्रांचं प्रदर्शन. गोळा करायला निघालो होतो इतिहास, साठत गेले किस्से! माइक आणि खुर्च्या माझ्याकडे असल्यामुळे मला सगळंच ऐकू येतं आणि दिसतं.

सर्वेसर्वा शुभदाताई. मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या, पण शाळेची घंटा अजून त्यांच्या डोक्यात वाजते. वक्ता कितीही मोठा असो, घड्याळाकडे बघून म्हणणार, "वेळ संपली. बाकीचं चहाला."

यात त्यांचीही चूक नाही. पहिल्याच व्याख्यानाच्या आधी सोसायटीचे चेअरमन दारात येऊन उभे राहिले होते. "तुमची ती स्त्रीमुक्ती किती वाजता संपते? साडेसातला झुंबा आहे."

*

पहिल्या रांगेत, माइकच्या अगदी समोर, अण्णा बसतात. व्याख्यान संपलं की पहिला हात त्यांचा. "प्रश्न नाही, एक सूचना आहे." गेल्या कित्येक वर्षांत अण्णांना एकही प्रश्न पडलेला नाही!

एकदा त्यांनी सुचवलं, "सारखं बायका, बायका! एखादं व्याख्यान पुरुषांवरही ठेवा."

आमच्या वंदना कांबळे मंत्रालयात नोकरी करून आलेल्या. फाइल आणि माणूस, दोन्ही एका ओळीत निकाली काढतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते साठ वर्षं ऐकतेय, अण्णा."

*

अण्णांच्या शेजारची खुर्ची मालतीताईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची. आमच्याकडे आभार नेहमी मालतीताई मानतात. आता आभारप्रदर्शन म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. "आता आभार" म्हटलं की लोक उठतात, चपला शोधतात, एकमेकांना "कशी जाणार? रिक्षा करूया का?" विचारतात. त्या गलक्यात मालतीताई एक कागद वाचतात. तो कागद अण्णा लिहून देतात.

शुभदाताईंनी त्यांना एकदा म्हटलं, "मालतीताई, तुम्ही स्वतःबद्दल बोला ना एकदा." मालतीताईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "तिचं काय बोलण्यासारखं? साधं आयुष्य आमचं." मालतीताईंनी तोंड मिटलं.

मला भयंकर राग आला होता. कारण कागद वाचून झाला तरी मालतीताई माइकसमोर क्षणभर उभ्याच राहतात, हे मला माइकच्या बाजूला उभी असताना दर वेळी दिसायचं. मग त्या कागदाची घडी घालून खाली उतरायच्या.

*

वंदना एकदा स्वतःच्या आजीवर बोलल्या. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आजीनं घरातले देव कसे उतरवले, पोरींना शाळेत कसं घातलं. नंतर चहाच्या टेबलाशी एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "अगं बाई, किती शुद्ध बोलता हो तुम्ही!"

वंदनांनी चहाचा घोट घेतला. "आपणही."

*

गेल्या प्रदर्शनात आर्ट कॉलेजच्या जुईलीनं दारातच खरकट्या भांड्यांचा ढीग रचला होता. कढया, कुकर, करपलेलं दुधाचं पातेलं. खाली पाटी होती, 'हे कुणाचं काम?'

दुपारी बघतो तर भांडी लख्ख घासून पालथी घातलेली! जुईली रडायच्या बेतात. चौकशी केली तर काम शुभदाताईंचं. त्याच सकाळी त्या घरकामाच्या अदृश्य श्रमांवर तासभर बोलल्या होत्या!

"मला बघवेना गं," एवढंच त्या म्हणाल्या.

जुईलीनं डोळे पुसले, पाटी उलटी केली आणि लिहिलं, 'भाग दुसरा.'

*

त्याच प्रदर्शनाचा फ्लेक्स. आम्ही मजकूर दिला होता, 'बायकांचा इतिहास: चित्रं आणि आठवणी'. उद्घाटनाच्या सकाळी फ्लेक्स आला. झेंडूची तोरणं, समई, नथ घातलेली हसरी बाई आणि वर 'भव्य हळदीकुंकू समारंभ'!

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, लेडीज प्रोग्रॅमला डिझाइन तेच असतं."

दुसरा करायला वेळ नव्हता. वंदना म्हणाल्या, "उलटा करा, मागची बाजू पांढरी आहे." पण लिहिणार कोण? जुईली रंग घेऊन आली आणि मालतीताईंनी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला. ना पेन्सिलीची रेघ, ना पट्टी. दहा फूट लांब मजकूर, सरळच्या सरळ! आम्ही सगळ्या बघतच राहिलो.

"तिचं अक्षर बरं आहे," अण्णा म्हणाले.

*

आणि परवाचा शनिवार. हॉल भरलेला, पाहुण्या वक्त्या मुंबईहून येताना घाटात अडकलेल्या. सहा वाजले. शुभदाताईंचा चेहरा पांढरा पडला. "आता कार्यक्रमात उरलंय काय?"

"आभार," मी म्हटलं.

"मग आधी आभार! मालतीताई, पाहुण्या येईपर्यंत थोडं लांबवा."

मालतीताई उठल्या. अण्णांनी कागद पुढे केला. तो त्यांनी घेतलाच नाही.

"पाहुण्यांचे आभार त्या आल्यावर," त्या माइकवर म्हणाल्या. "आधी राहिलेले आभार मानते. माझ्या वडिलांचे आभार. बुधवार पेठेत त्यांचं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. मी पहिल्यांदा शिडीवर चढले तेव्हा बघायला गर्दी जमली. वडील शिडी धरून म्हणाले, 'खाली बघू नकोस, मात्रा वाकडी होईल.' आईचे आभार. तिनं मला भावाची पँट दिली आणि आजीला सांगितलं, धुवायला टाकलीय. एका रेडिओच्या दुकानवाल्यांचे आभार. ते वडिलांना म्हणाले, 'पोरीचा हात तुमच्यापेक्षा बरा आहे, यापुढे तिलाच पाठवा.'"

एकही माणूस चपला शोधत नव्हता.

"पेठेतले किती बोर्ड माझ्या हातचे होते! मग लग्न झालं. ब्रश धुवून ठेवले." त्यांनी माइक जरा जवळ ओढला. "त्या हळदीकुंकवाच्या फ्लेक्सचेही आभार. माझा हात अजून कापत नाही, हे मला त्याच्यामुळे कळलं. आणि शेवटी ह्यांचे आभार. आज इतका वेळ हे काही बोलले नाहीत."

हॉल हसला, मग टाळ्या थांबेनात. तेवढ्यात पहिल्या रांगेत हात वर झाला. आता सूचना येणार! मी नाइलाजानं दुसरा माइक अण्णांपुढे धरला.

"प्रश्न आहे," अण्णा म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "ब्रश धुवून ठेव, असं तुला मी म्हटलं होतं का?"

मालतीताईंनी शुभदाताईंकडे पाहिलं. शुभदाताई खिडकीबाहेर बघत होत्या. मग मालतीताईंनी स्वतःच घड्याळाकडे पाहिलं.

"वेळ संपली," त्या म्हणाल्या. "बाकीचं घरी."